टाचेची साक्ष

सासऱ्यांच्या टाचेवरची पट्टी त्याने पहिल्यांदा सोडली, तेव्हा अर्धीच जखम पाहिली आणि उरलेली पाहायच्या आत न्हाणीघराकडे धाव घेतली. पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर पडलं. चूळ भरून, तोंड पुसून तो परत आला तेव्हा सासरे तसेच पडलेले होते, पाय उशीवर, डोळे मिटलेले.

"झालं का, जावईबापू?" त्यांनी विचारलं.

जखम धुऊन झाली का असं विचारत होते की ओकून झालं का, ते त्याला कळलं नाही. जखम तर अजून तशीच उघडी होती.

त्याचं चष्म्याचं दुकान होतं, घराच्या खालीच. आख्ख्या गल्लीत त्याला चष्मेवाला म्हणत. काचा घासून चौकटीत बसवायच्या, सैल दांड्या आवळायच्या, बोटांचे ठसे पुसायचे, असं काम. ठसे पुसण्यात तर त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. लहानपणापासून त्याला दुसऱ्याच्या पेल्यातलं पाणी चालत नसे. घरात त्याचा टॉवेल वेगळा, कंगवा वेगळा. गिऱ्हाईक नाकावरचा चष्मा काढून त्याच्या हातात द्यायचं तेव्हा नाकाच्या पॅडवर तेल आणि पावडर साचलेली असायची, आणि तेवढ्यानेसुद्धा त्याच्या मानेवर काटा यायचा. अशा माणसाच्या वाट्याला ही टाच आली होती.

खरं तर ती बायकोच्या वाट्याला यायची. तिचेच वडील. तिने पहिल्या दिवशी धीर करून पट्टीला हात घातला आणि वास नाकात गेल्याबरोबर जी कोसळली, ती कपाटाच्या कडेवर कपाळ आपटून. टाका पडला. नर्सबाई आठवड्यातून दोनदाच येत. बाकीच्या दिवशी पट्टी कोणी बदलायची, हा प्रश्न घरात कोणी विचारलाच नाही. बायको कपाळाला पट्टी लावून बालवाडीत शिकवायला गेली आणि दुसऱ्या पट्टीसमोर तो एकटा उरला.

सासरे म्हणजे रेल्वेचे निवृत्त तिकीट तपासनीस. काळा कोट उतरवून वर्षं झाली होती, पण समोरच्याकडे बघायची पद्धत तीच राहिली होती, तिकीट दाखवा म्हणणारी. मुलीने काचा घासणाऱ्याशी लग्न केलं हे त्यांनी कधी पोटात घातलं नव्हतं. 'जावईबापू' हा शब्द ते अशा काही आदराने उच्चारत की त्यापेक्षा शिवी परवडली असती. साखरेच्या आजाराने त्यांच्या पायांची जाणीव गेली होती. नव्या बुटाने टाच घासली, फोड आला, फुटला, चिघळला, आणि त्यांना पत्ताच नाही. घरात कुठेतरी उंदीर मेला असावा म्हणून बायकोने सगळी कपाटं सरकवून पाहिली, तेव्हा उलगडा झाला.

रोज सकाळी तेच. हातमोजे घालायचे, जुनी पट्टी मिठाच्या पाण्याने भिजवायची, कारण कोरडी ओढली तर सोबत काय काय निघून येईल याचा भरवसा नाही. मग ती पिवळी-हिरवी ओली पट्टी कागदात गुंडाळायची. मग जखम. मध्ये राखाडी, कडेला पांढरी, सुजलेली, पाण्यात राहिलेल्या साबणासारखी मऊ. तिला नुसता वास नव्हता, तिला चव होती. नाक बंद करून तोंडाने श्वास घेतला की जिभेवर येऊन बसायची. नंतर दुकानात तो कुणाच्या कानामागे दांडी बसवायला वाकला की त्याला वाटायचं, आपल्या बोटांना तो वास येतोय आणि गिऱ्हाईक मान मागे घेतंय. तीन-तीनदा हात धुवायचा. हाताची साल निघाली.

आणि हे सगळं चालू असताना सासरे प्रार्थना करत. मोठ्याने, डोळे मिटून, खणखणीत आवाजात.

"हे स्वर्गीय बापा, तुझे उपकार. रात्री झोप दिलीस, तुझे उपकार. स्वच्छ पाणी दिलंस, तुझे उपकार. हा कापूस, हे औषध, ही खिडकीतून येणारी हवा, सगळ्याबद्दल तुझे उपकार."

चष्मेवाला त्यांच्या पायाशी गुडघ्यावर बसून, मान एका बाजूला वळवून, कापसाने पू टिपत असे. कापसाचं नाव झालं, हवेचं झालं. आता आपलं येईल, असं पहिले काही दिवस त्याला वाटलं. आलं नाही.

"बोळ्याचे उपकार मानतात तुझे वडील," एकदा जेवताना तो बायकोला म्हणाला. "बोळा धरणारा कोण आहे हे त्यांना माहीत तरी आहे का?"

"अहो, ते तसेच आहेत. आईचेसुद्धा त्यांनी कधी आभार मानले नाहीत."

"मग तिला काय वाटायचं?"

बायको थोडा वेळ पाणी पीत राहिली. "विचारलंच नाही मी कधी," ती म्हणाली. आणि मग, "तुम्हाला किळस येते ना, ते त्यांना कळतं. तुम्ही तोंड फिरवता ते."

"डोळे मिटलेले असतात त्यांचे."

"म्हणून तर मिटलेले असतात."

हे त्याला पटलं नाही. पटवून घ्यायची इच्छाही नव्हती. त्याला त्या म्हाताऱ्याची किळस येत होती, नुसत्या टाचेची नाही, सगळ्या माणसाची. त्याच्या वाढलेल्या नखांची, घशातल्या घरघरीची, त्या खणखणीत उपकारस्तुतीची.

चर्चच्या मंडळीतले लोक घरी प्रार्थनेला येणार असं सासऱ्यांनी एका सोमवारी सांगितलं. सोबत एक बंधू येणार होते. बाहेरगावचे, आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करणारे, ज्यांच्या सभांना मोठमोठे हॉल भरतात असे. चष्मेवाल्याने खुर्च्या मांडल्या. चर्चमध्ये तो लग्नापुरता उभा राहिलेला माणूस, पण घरी आलेल्यांना पाणी विचारण्याइतका सभ्य होता.

खोली माणसांनी भरली. बंधू गोरेपान, गोल चेहऱ्याचे, तळहात कायम ओले असलेले. त्यांनी हात मिळवला तेव्हा चष्मेवाल्याला भिजलेला स्पंज दाबल्यासारखं झालं. बंधू म्हणाले, "जखम उघडी करा. प्रभूपासून काही झाकायचं नसतं." पट्टी सोडली. आणि खोलीतली सगळी माणसं, एकाच वेळी, कोणी न सांगता, एक पाऊल मागे सरकली.

"खिडक्या उघडा जरा," कोणीतरी म्हणालं. खिडक्या उघडल्या. एका बाईंनी पदर नाकाला लावला आणि तसंच गाणं सुरू केलं, त्यामुळे शब्द कापडातून आल्यासारखे येत होते. बंधूंनी एका हाताने रुमाल नाकावर धरला, दुसरा हात जखमेवर धरला. म्हणजे जखमेच्या वर, चांगला वीतभर वर. आणि जी प्रार्थना सुरू केली ती खालच्या गल्लीपर्यंत पोहोचली असेल. ते रोगाला धमकावत होते. रोगाला निघून जायला सांगत होते. घाम त्यांच्या हनुवटीवरून टपकत होता आणि चष्मेवाल्याचं सगळं लक्ष त्या थेंबाकडे होतं, कारण तो नेमका टाचेच्या वर लोंबत होता. सासरे मात्र रडत होते. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांतून पाणी कानात उतरत होतं.

शेवटी बंधूंनी पिशवीतून एक फडकं काढलं, बाटलीतलं तेल त्यावर ओतलं आणि ते टाचेला गुंडाळायला सांगितलं. गुंडाळायला अर्थात चष्मेवाल्याला सांगितलं.

"रविवारपर्यंत हे सोडायचं नाही," बंधू म्हणाले. "औषध नाही, पाणी नाही. विश्वासाची खूण आहे ही. मध्येच उघडून पाहणं म्हणजे अविश्वास."

"डॉक्टरांनी रोज धुवायला सांगितलंय," चष्मेवाला म्हणाला.

"डॉक्टरांना त्यांचं काम करू द्या," बंधू हसून म्हणाले. "प्रभूला त्याचं करू द्या."

सगळे पटापट निघाले. जाताना प्रत्येकाने न्हाणीघरात हात धुतले. जखमेला हात एकानेही लावला नव्हता. त्याने नंतर पाहिलं, साबणाची नवीकोरी वडी झिजून पातळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो हातमोजे घालून आला तेव्हा सासऱ्यांनी पाय मागे ओढून घेतला.

"नाही, जावईबापू. ऐकलं ना बंधू काय म्हणाले ते?"

"बाबा, हे सडेल."

"तुम्हाला सुट्टी मिळाली, घ्या की. रोज तोंड वाकडं करून बसता."

तो तिथेच हातमोजे काढून निघून गेला. बायकोने विनवलं, नर्सबाईंनी दारात उभं राहून चांगलंच सुनावलं, पण तिकीट तपासनीस एकदा नाही म्हणाला की नाही. चष्मेवाल्याने मनात म्हटलं, मरू दे. अगदी हेच शब्द. आणि ते म्हणताना त्याला हलकं वाटलं, हातांना वास न येणारे दिवस म्हणजे काय ते पुन्हा आठवलं. दुकानात तो शीळ घालत काचा पुसत होता.

शनिवारी दुपारी जेवायला वर आला तर सासऱ्यांनी हाक मारली. त्यांचा चेहरा उजळलेला होता.

"जावईबापू, पायाला जाणीव येतेय. गुदगुल्या होतायत. आत काहीतरी चालतंय. प्रभू काम करतोय बघा."

चष्मेवाल्याने पायाकडे पाहिलं. तेलकट फडकं काळपट झालं होतं आणि त्याच्या कडेला, घोट्यापाशी, ते किंचित हलत होतं. वारा नव्हता.

त्याने काही न बोलता फडक्याची गाठ सोडली. सासऱ्यांनी पाय ओढायला हवा होता, पण जावयाच्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं. त्यांनी डोळे उघडे ठेवले, उशीवरून मान उचलली आणि पहिल्यांदाच आपली टाच पाहिली.

जखम अळ्यांनी भरली होती. भातासारख्या पांढऱ्या, जाड, एकमेकींच्या अंगावरून चढणाऱ्या. काही शेपट्या वर करून डोकं आत खुपसून बसलेल्या. उघड्या खिडक्यांतून त्या दिवशी माश्या आत आल्या होत्या, आणि मग फडक्याखाली त्यांच्या पिल्लांना छान ऊब मिळाली होती.

सासरे कुशीवर वळले आणि उशीवरच ओकले. तिकीट तपासनीस, साहेब, कडक इस्त्रीचा माणूस. ओठांवरून लाळ लोंबत होती आणि ती पुसायचं भान नव्हतं.

"झाक ते," ते म्हणाले. "झाक. झाक आधी."

चष्मेवाल्याने नर्सबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, मिठाच्या पाण्याने धुवा, निघतील तेवढ्या चिमट्याने काढा, आणि लगेच दवाखान्यात घेऊन या. तो म्हणाला, त्यांना तसंच घेऊन येतो. पण सासऱ्यांनी खाटेची कड दोन्ही हातांनी धरली.

"हे घेऊन मी लोकांत जाणार नाही. मला इथेच मरू दे. पण हे घेऊन नाही."

बायकोने गरम पाण्याची बादली दाराच्या आत ढकलली आणि स्वतः दाराबाहेर भिंतीला पाठ लावून डोळे मिटून उभी राहिली. चष्मेवाला खाली जाऊन दुकानातला चिमटा घेऊन आला, चौकटीचे बारीक स्क्रू धरायचा. सोबत डोक्याला बांधायचं भिंगही आणलं, कारण अळ्या कडेच्या कातडीखाली शिरल्या होत्या. भिंग डोळ्यांवर ओढून तो वाकला, आणि त्या अळ्या त्याच्या करंगळीएवढ्या झाल्या. प्रत्येकीचं काळं टोक दिसत होतं. चावताना ते आत-बाहेर होत होतं.

चिमट्याचं टोक एकाही अळीवर टेकेना. घशाशी आंबट आलं. त्याने चिमटा खाली ठेवला.

"बाबा, मला जमणार नाही."

सासरे छताकडे पाहत होते. "मला माझीच किळस येतेय रे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत ते त्याला पहिल्यांदाच 'रे' म्हणाले. "जिवंतपणी किडे पडले मला."

"तुम्ही प्रार्थना करा," चष्मेवाला म्हणाला. काहीतरी बोलायचं म्हणून. तो खणखणीत आवाज आत्ता खोलीत असता तर बरं झालं असतं, असं त्याला खरोखरच वाटलं. "रोज करता तशी."

सासऱ्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. "येत नाहीये," ते म्हणाले. "एक शब्द येत नाहीये. तू कर."

"मला नाही येत प्रार्थना."

"मलाही आता येत नाही. तू कर."

चष्मेवाल्याने भिंग वर सारलं. काय म्हणायचं ते त्याला माहीत नव्हतं. कोणाला म्हणायचं तेही नीटसं माहीत नव्हतं. त्याच्या मनात एकच गोष्ट होती, ती त्याने म्हटली.

"प्रभू, मला ओकारी येतेय. हे होईपर्यंत ती थांबव. नंतर येऊ दे."

कोणीच आमेन म्हटलं नाही. दाराबाहेर बायकोने म्हटलं असेल तर ऐकू आलं नाही. त्याने भिंग खाली ओढलं, चिमटा उचलला आणि पहिली अळी धरली.

किळस गेली नाही, हे त्याने नंतर स्वतःला अनेकदा सांगितलं. ती तिथेच होती, खांद्यापाशी उभी, त्याच्याबरोबर वाकून बघत. पण घशातली ओकारी थांबली. अळी चिमट्यात वळवळायची, तो ती पाण्यात टाकायचा, दुसरी धरायचा. हात काच बसवताना असतो तसा स्थिर झाला. काही अळ्या ओढताना सुटायला तयार नसत, त्यांना सैल होऊ द्यावं लागे. सासरे प्रत्येक वेळी बादलीत पडल्याचा आवाज ऐकत होते. शेवटची निघाल्यावर त्याने मिठाचं पाणी ओतलं, कापसाने कडा पुसल्या, स्वच्छ पट्टी गुंडाळली, चिकटपट्टी दाताने न तोडता कात्रीने कापली. मग उठला, न्हाणीघरात गेला आणि आतडी पिळवटून निघेपर्यंत ओकला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पट्टी सोडून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले की मेलेलं मांस बहुतेक गेलंय, खालचं लाल, ताजं दिसतंय. या जातीच्या अळ्या मेलेलंच खातात.

"दुसऱ्या जातीच्या असत्या तर जिवंत मांसही खाल्लं असतं आणि मी आज तुमच्याशी पाय कापण्याविषयी बोलत असतो," ते म्हणाले. "तुमचं नशीब समजा. उपचार समजू नका. आणि पुन्हा असलं काही कराल तर माझ्याकडे येऊ नका."

टाच भरायला लागली. रोज सकाळची पट्टी पुन्हा सुरू झाली. सासरे आता मनातल्या मनात प्रार्थना करत, ओठ नुसते हलत. चष्मेवाल्याला ती शांतता आधीच्या आवाजापेक्षा बरी वाटे. पण बातमी मंडळीत पोहोचली होती, अर्धीच. टाच बरी होतेय, एवढीच. बंधूंचा निरोप आला: पुढच्या रविवारच्या सभेत साहेबांनी बरं झाल्याची साक्ष द्यावी. उपकारस्तुती केली नाही तर मिळालेलं आरोग्य टिकत नाही.

"जाणार?" चष्मेवाल्याने विचारलं.

"जाणार," सासरे म्हणाले. "तुम्ही चाकाची खुर्ची ढकलाल ना?"

हॉल खचाखच भरला होता. पंखे फिरत होते आणि घामाचा, अत्तराचा, ओल्या कपड्यांचा वास नुसता इकडून तिकडे ढवळत होते. व्यासपीठावर बंधू आजाऱ्यांच्या कपाळावर रुमाल दाबत होते. एकच रुमाल. म्हाताऱ्याच्या कपाळावरून तो एका तापलेल्या मुलीच्या कपाळावर, तिथून खोकणाऱ्या बाईच्या, आणि मधूनमधून बंधूंच्या स्वतःच्या मानेवर. चष्मेवाल्याने चाकाच्या खुर्चीची मूठ घट्ट धरली आणि नजर पायांकडे वळवली.

सासऱ्यांना वर नेलं. बंधूंनी माइक त्यांच्या तोंडासमोर धरला.

"साहेब, सगळ्यांना सांगा. डॉक्टरांनी हात टेकले होते. मग प्रार्थनेचं फडकं बांधलं. काय झालं फडक्याने?"

"फडक्याखाली अळ्या झाल्या," सासरे म्हणाले.

आवाज तोच, गाडीच्या डब्यात शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. हॉलमध्ये कुजबुज झाली आणि थांबली. पुढच्या रांगेतल्या बाईंनी तोंडावर हात ठेवला.

बंधू हसले. "शत्रूने, त्या सैतानाने, अडथळा आणायचा प्रयत्न केला, पण—"

"शत्रूने का देवाने ते मला ठरवता येत नाही," सासरे म्हणाले. "अळ्यांनी सडलेलं खाल्लं म्हणून पाय वाचला, असं डॉक्टर म्हणतात. देवाने अळ्या पाठवल्या असतील तर मी त्यांच्याबद्दलही उपकार मानतो. पण तेलाने झालं असं मी म्हणणार नाही. मी आयुष्यात कोणाला विनातिकीट सोडलं नाही, स्वतःला कसा सोडू?"

मागे कोणीतरी हसलं. बंधूंनी माइक किंचित मागे घेतला. सासऱ्यांनी तो मनगटासकट धरला.

"माझ्या घरात एक प्रार्थना ऐकली गेली, ती सांगतो. ती मी केलेली नाही, या बंधूंनी केलेली नाही. माझ्या टाचेत किडे वळवळत होते. माझ्या जावयाला माझी किळस येते. रोज येते, मला दिसते. त्याने म्हटलं, प्रभू, मला ओकारी येतेय, हे होईपर्यंत थांबव. आणि ती थांबली. सगळ्या अळ्या काढून होईपर्यंत थांबली. झाल्यावर तो गेला आणि ओकला. मी ऐकलं."

एवढं झाल्यावर माइक बंद झाला. कोणीतरी पेटीवर सूर धरला आणि सगळे उभे राहून गाऊ लागले. लोक चष्मेवाल्याकडे बघत होते. काहींच्या तोंडावर स्पष्ट शिसारी होती. जणू त्याच्या हातांवर अजून काहीतरी वळवळत होतं. त्याची कानशिलं तापली होती. भर हॉलमध्ये कोणी आपले कपडे उतरवल्यासारखं त्याला वाटत होतं.

रस्त्यावर आल्यावर तो खुर्ची ढकलायची थांबला.

"मला विचारायचं तरी. ते माझं होतं."

"विचारलं असतं तर नाही म्हणाला असतास."

"हो. नाहीच म्हणालो असतो."

"म्हणून नाही विचारलं." सासरे समोर बघत होते. एक माणूस त्यांना वळसा घालून गेला. "आभार मानायला तोंड उघडलं की माझ्या तोंडात देवाचंच नाव येतं. सवय झालीय. तिला, तुझ्या सासूला, मी कधी काही म्हटलं नाही. तिने माझ्या आईचं सगळं केलं, शेवटी शेवटी चादरीसुद्धा. मी रोज देवाला म्हणायचो, तुझे उपकार. ती तिथेच धुवत बसलेली असायची." त्यांनी घसा साफ केला, आणि तो आवाज चष्मेवाल्याला नेहमीसारखाच नकोसा वाटला. "माणसाला कसं म्हणतात ते मला येत नाही. तिथे चार लोकांत म्हटलं, कारण तिथे तुझ्याकडे बघावं लागत नव्हतं."

चष्मेवाल्याचा राग पुरता गेला नव्हता. "पाय खाली लोंबतोय," तो म्हणाला. "वर घ्या. सूज येईल."

बंधूंच्या लोकांनी त्या घरात अविश्वास आहे असं सांगितलं, आणि मंडळीतले बरेच जण येईनासे झाले. चर्चचे पाळकसाहेब मात्र एकदा एकटेच आले, खाटेशेजारी बसले, पट्टी बदलताना नाक न झाकता पाहिली आणि चहा पिऊन गेले. टाच भरली. तिथे एक खळगा राहिला, वरची कातडी पातळ आणि चकचकीत, आणि सासरे काठी टेकत दारापर्यंत जाऊ लागले. चष्मेवाल्याला अजूनही तो खळगा बघवत नसे. तेल लावताना मान फिरायचीच. सासरे आता डोळे उघडे ठेवत, आणि त्याची मान फिरलेली बघत, आणि त्यावर काही बोलत नसत.

एका दुपारी दुकानात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, नीटनेटक्या, शिवणकाम करणाऱ्या असाव्यात, कारण ब्लाउजला सुया टोचलेल्या होत्या. चष्म्याची दांडी सैल झालीय म्हणाल्या. दांडी सैल नव्हती. त्याने तरी आवळल्यासारखं केलं. त्या उभ्याच राहिल्या.

"त्या दिवशी मी हॉलमध्ये होते," त्या म्हणाल्या. "मागे बसले होते."

तो चष्म्याच्या काचा पुसत राहिला.

"माझे मिस्टर अंथरुणावर आहेत. पाठीला फोड फुटलेत. मंडळीतल्या बायका येतात, म्हणतात, सेवा हा आशीर्वाद आहे, आभार मान. मी मान हलवते." त्यांनी काउंटरच्या काचेवरचं आपलं बोट उचललं, ठसा उमटला होता, तो त्यांनी पदराने पुसला. "मला त्यांची किळस येते हो. नवऱ्याची. तीस वर्षांचा संसार. हे मी प्रार्थनेत कुठल्या तोंडाने सांगू? तुमचं कसं, तुम्हाला सवय झाली असेल. तुम्हाला आता वाटत नसेल काही."

"वाटतं," चष्मेवाला म्हणाला. "रोज वाटतं. काल वाटलं, आज सकाळी वाटलं."

"अजून?"

"अजून."

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. त्यांचे खांदे जरा खाली आले. बाहेर कोणीतरी दुकानात डोकावून, आत गिऱ्हाईक बघून पुढे गेलं.

"तोंडाने श्वास घेता का?" त्याने विचारलं.

"हो. नाकाने सहन होत नाही."

"तोंडाने घेऊ नका. चव लागते, मग दिवसभर जात नाही. नाकानेच घ्या, छोटे छोटे. आणि हातमोजे दोन-दोन घाला, एकावर एक." तो थांबला. "मी येऊन एकदा बघितलं तर चालेल? मला त्यातलं फारसं कळत नाही. पण दोघं असलो तर एकाला बाहेर जाऊन ओकता येतं."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हसायचं की रडायचं ते त्यांना ठरवता येत नसावं. मग त्यांनी पत्ता सांगितला, जवळचाच होता, आणि कधी आलात तर बरं पडेल तेही सांगितलं. चष्मेवाल्याने मान डोलावली. त्या गेल्यावर ती न पाहिलेली पाठ त्याच्या डोळ्यांसमोर आली. तो मागच्या नळावर गेला, तोंडावर पाणी मारलं, आणि येत असलेली ओकारी बराच वेळ गिळत उभा राहिला.